जीजींची रोजची चूक

समस्त इंदूरकरांना, इंदूर सोडून गेलेल्यांना आणि इंदूर नेमकं कुठे येतं हे ज्यांना नकाशात बघावं लागतं अशा सर्व सज्जनांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, कुकरची तिसरी शिटी पहिल्या दोन शिट्यांपेक्षा लांब असते. हा शोध भंवरकुआं चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत लागला. तो लावणाऱ्या बाईंचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत झालं होतं आणि त्यासाठी त्यांनी कुठलंही सरकारी अनुदान घेतलेलं नव्हतं. शोध जाहीर झाला तेव्हा उपस्थितांत मी एकटा होतो. आमच्या ओट्यावर, एका पायात बूट, दुसरा बूट हातात, तोंडात टोस्ट.

"अवी, तिसरी लांब असते. कधी ध्यान दे," जीजी शेजारच्या फाटकातून म्हणाल्या. आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य आलं, "बोल, तुला काय वाटतं?"

या प्रश्नाला बगल देता येत नसे. "माहीत नाही" म्हटलं की त्या म्हणत, "माहीत काय आहे ते कुठे विचारलं मी? वाटतं काय ते विचारलं. वाटायला काही शिकावं लागतं का?" मग मी बूट चढवता चढवता सांगे की, पहिल्या दोन शिट्या कुकर घाबरत घाबरत देत असेल, तिसरीला त्याला धीर येत असेल. जीजी फाटकावर हनुवटी टेकून विचार करत. "नाही पटत," म्हणत. "पण सांगितलंस बरं. जा आता, उशीर होईल तुला." जणू मलाच गप्पा मारायच्या होत्या आणि त्यांनी मोठ्या मनानं वेळ काढला होता.

असले प्रश्न त्यांच्याकडे रोज ताजे असत. कावळे दुपारी कुठे जातात? दुधाच्या पिशवीचा कोपरा प्रत्येक घरात निराळा का कापतात? कोपऱ्यावरचा पोहेवाला शनिवारी सढळ हातानं शेव घालतो आणि सोमवारी हात आखडतो, ते मुद्दाम की आपोआप? समोरच्या हॉस्टेलच्या जिन्यात चपला वाढल्या म्हणजे परीक्षा संपल्या की परीक्षा आल्या? मी विमा कंपनीत नोकरी करतो. दिवसभर लोक मला प्रश्न विचारतात आणि मी छापील उत्तरं देतो. छापील उत्तर नसलेला प्रश्न मला दिवसातून एकदाच, घरातून निघताना, जीजी विचारत. ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात कावळे असत.

जीजी तशा कुणाच्याच सख्ख्या जीजी नव्हत्या. पण आमच्या जुन्या मराठी घरांत वयानं मोठ्या बाईला जीजी म्हणायची पद्धत, आणि गल्लीत त्यांच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते पद त्यांच्याकडे बिनविरोध आलं. यजमान वीज खात्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. यजमानांचे पणजोबा म्हणे दरबारच्या तोफखान्यात होते. जीजींचा आवाज लालबाग राजवाड्याच्या फाटकापर्यंत जाईल असा होता आणि कुणी तसं सुचवलं तर त्या म्हणत, "तोफखान्याचं घर आहे भिया. बारीक बोललं तर पूर्वज नाराज होतील."

त्या आवाजाला ऐकणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. माझ्या लहानपणी गल्लीत मराठी घरंच घरं होती. हळदीकुंकवाला बायका या टोकाहून त्या टोकापर्यंत जात आणि परत येईपर्यंत दिवेलागण होई. मग मुलं पुण्याला, हैदराबादला, त्याही पलीकडे गेली आणि घरांवर मजले चढले. त्या मजल्यांवर खाटा पडल्या, आणि दारांवर पाट्या लागल्या, 'केवल विद्यार्थियों के लिए'. उरली दोन घरं. जीजींचं आणि आमचं. बाकी गल्लीभर कोचिंगची मुलं. गुणी मुलं, पण सगळ्यांच्या कानांत मोबाइलची बोंडं. जीजींनी एकदा समोरच्या हॉस्टेलमधल्या एकाला हटकलं, "बेटा, ये कौवे दोपहर में कहां जाते हैं, तेरे को क्या लगता है?" त्यानं एका कानातलं बोंड काढलं आणि विचारलं, "किस सब्जेक्ट में आता है, आंटी?" जीजी आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होत्या. सगळ्यांना म्हणजे मला आणि माझ्या बायकोला. सांगताना खूप हसत आणि शेवटी म्हणत, "पण काढलं हो त्यानं. एका कानातलं तरी काढलं."

त्यांचा एक सिद्धांत होता की, एका माणसाचे पोहे होत नाहीत. मूठभर पोहे भिजवायला घेतले तर अर्धे चाळणीलाच चिकटतात, आणि फोडणी कितीही कमी करा, ती पोह्यांहून जास्तच होते. म्हणून त्या दोघांचे करत. वर जीरावनचा इंदुरी मसाला, बारीक शेव, डाळिंबाचे चार दाणे. मग दुसरी बशी घेऊन फाटकात उभ्या राहत आणि कुणी खाणारा मिळतो का बघत. कुरिअरवाल्या पोरांना वेळ नसे, हॉस्टेलची मुलं घाईत. बशी बहुतेकदा माझ्याच हातात पडे. माझी बायको मीना म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय आणि नाश्ता जीजींकडे." पण रविवारी ती स्वतःच बशी न्यायला जायची आणि तासभर परत यायची नाही.

जीजींचा मुलगा मिलिंद पुण्याला मोठ्या कंपनीत. माझ्याहून थोडा लहान. आम्ही एकाच नळावर भांडून वाढलो. चांगला मुलगा. दर रविवारी फोन करायचा. एका दिवाळीला आला तेव्हा त्यानं आईच्या काळजीपोटी दारावर कॅमेरा बसवून दिला. पुण्यात बसल्या बसल्या त्याला मोबाइलवर आमची गल्ली दिसायची. जीजींना आधी तो कॅमेरा आवडला नाही. घरात कुणीतरी डोळा वटारून बसलंय असं वाटतं म्हणाल्या. मग हळूहळू ओळख झाली. भाजी झाली की कढई घेऊन त्या कॅमेऱ्याखाली उभ्या राहत, झाकण काढून वर दाखवत आणि तोंड वर करून बोलत. "मिलिंदा, गिलकी केली आज. तुझ्या बाबांना आवडायची. तुला नाही आवडत, माहीत आहे, पण दाखवते. अवीला विचारलं तर म्हणतो गिलकी आणि दोडका भाऊ-भाऊ. बोल, तुला काय वाटतं?" मग उत्तरासाठी क्षणभर थांबत. कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका लुकलुकायचा. जीजी मान हलवून आत जात. समाधानानं जात, हे मी माझ्या ओट्यावरून पाहिलेलं आहे.

आणि आता रसिकहो, मी मुख्य प्रवेशाकडे वळतो, ज्यात कचरा आहे.

आमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं येऊ लागल्यापासून इथे कचऱ्याला जो मान आहे तो इतर गावांत जावयालाही नसेल. सकाळी गाणं वाजवत गाडी येते आणि माणसं बादल्या घेऊन आरतीला यावं तशी दारात येतात. ओलं हिरव्या बादलीत, सुकं निळ्या बादलीत. यात चूक म्हणजे घराण्याची अब्रू गेली. आमच्या गल्लीत गाडीबरोबर सुमनबाई येत. बऱ्हाणपूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या, पन्नाशीच्या आणि जिभेच्या भलत्याच तिखट. आणि आमच्या जीजी, तोफखान्याच्या सूनबाई, रोज चुकत.

रोज म्हणजे रोज. सुमनबाई निळी बादली हातात घेत, आत बघत आणि कपाळाला हात लावत. "आजी, फिरून कांद्याचं साल सुक्यात? किती बार सांगू तुम्हाले?"

"अगं, ते वाळलंय. वाळलं म्हणजे सुकंच ना?"

"वाळलं तरी कांदाच आहे तो. तुम्ही वाळल्या म्हणून काय लाकडात टाकू तुम्हाले?"

"टाक बाई, टाक. पण आधी सांग, सून आली का परत माहेराहून?"

"आली नं. तोंड फुगवून आली."

"मग तू काय केलंस?"

इथून पुढे सून, सुनेची आई, बऱ्हाणपूरची जिलेबी बरी की इंदूरची, असं सगळं होई. ड्रायव्हर हॉर्न वाजवी. शेवटी सुमनबाई साल उचलून हिरव्या कप्प्यात टाकत, बोट उगारून म्हणत, "उद्या पायते हं मी," आणि गाडी पुढे सरके. हॉस्टेलचा मॅनेजर वैतागून मला म्हणायचा, "भिया, आपकी मांजी पूरी गली का नंबर कटवाएगी." मीनालाही वाईट वाटे. वय झालं बिचारीचं, म्हणायची. त्यातून आणखी एक गोष्ट तिला कळेना. लोक शेजारी साखर मागतात, विरजण मागतात. जीजी अधूनमधून कुंपणावरून विचारत, "मीना, मटारची सालं आहेत का गं थोडी?" आमच्या गल्लीत उसना कचरा नेणाऱ्या त्या एकट्याच.

एके दिवशी सकाळी त्यांच्या गॅसचा रेग्युलेटर बसत नव्हता म्हणून मला हाक आली. मी स्वयंपाकघरात वाकून खटपट करत होतो आणि समोरच दोन्ही बादल्या होत्या. हिरवीत फक्त ओलं. निळीत फक्त सुकं. दुधाची पिशवी धुऊन, चिमटा लावून दोरीवर वाळत घातलेली. औषधाची रिकामी पाकिटं रबर लावून वेगळी. इतकी टापटीप पालिकेच्या जाहिरातीतही नसते. तेवढ्यात लांबून गाडीचं गाणं ऐकू आलं. जीजी लगबगीनं आल्या, मी खाली वाकलेला आहे हे विसरल्या, हिरव्या बादलीत हात घालून लिंबाची एक फोड काढली आणि निळ्या बादलीत ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग जरा मागे होऊन पाहिलं, आणि ती दिसत नाहीसं वाटल्यावर कागदावर नीट वर करून ठेवली.

मी उभा राहिलो. जीजींनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे काही असतं त्यातलं काहीही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"काल कांदा होता," त्या म्हणाल्या. "रोज कांदा केला तर तिला संशय येईल."

"पण जीजी, का?"

"का मतलब? बराबर दिलं तर गाडी थांबते किती? घेतलं, ओतलं, पुढे. 'आजी, नमस्ते' एवढंसुद्धा नाही. चुकलं की चार वाक्यं बोलून जाते. तीही मराठीत." त्यांनी बादल्या उचलल्या. "एका माणसाचा कचरा असतो केवढा, अवी? आत बघायचं तिला काही कारण तर पाहिजे."

हे मी मीनाला सांगितलं नाही. आमच्या घरात मी न सांगितलेली ही बहुधा एकमेव गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी ऑफिसला निघायची वेळ थोडी पुढे ढकलली आणि चहाचा कप घेऊन ओट्यावर बसू लागलो. कारण आता ते भांडण मला नाटकासारखं दिसे. आज जीजींनी काय योजलंय, चहाचा चोथा की केळ्याचं देठ? सुमनबाई कुठलं वाक्य टाकतील? हसू आवरत नसे. आणि गाडी वळणावरून गेल्यावर जीजी रिकाम्या बादल्या हातात घेऊन, गाणं ऐकू येईनासं होईपर्यंत फाटकात उभ्या राहत. तो भाग नाटकात नको होता, पण तो रोज असे.

तो उन्हाळा संपता संपता मिलिंदचा फोन आला, शनिवारी येतोय म्हणून. सणवार नाही, सुट्टी नाही. जीजींनी संध्याकाळी मला फाटकाशी बोलावलं. कधी नव्हे ते हळू बोलत होत्या.

"हॉस्टेलवाल्यानं त्याला फोन केला म्हणे, आजी रोज कचरा चुकवते. आणि तो कॅमेऱ्यात बघतोच. त्याला वाटतंय माझं डोकं चाललं."

"मग सांगून टाका ना, जीजी. मुद्दाम करते म्हणून."

"मुद्दाम करते म्हटलं की का ते सांगावं लागेल."

जीजींनी फाटकाची कडी उगीचच उघडली आणि लावली.

"तो तुला विचारेल. तू त्याला म्हण, जीजी विसरते. भुलक्कड म्हण, वेडी म्हण, चालेल. एकटी म्हणू नकोस. आई विसरते हे ऐकून मुलगा डॉक्टरकडे जातो, अवी. आई एकटी आहे हे ऐकून कुणाकडे जाईल तो? बोल, तुला काय वाटतं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे काही नव्हतं. पहिल्यांदाच त्यांनी ते चालवून घेतलं.

शनिवारी दुपारी मिलिंदनं मला चहाला बोलावलं. जीजी अंगणातल्या खुर्चीत बसल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून, जणू बघायला पाहुणे येणार होते. मिलिंद थकलेला दिसत होता. "अवीदादा, तू रोज बघतोस ना," तो म्हणाला. "मी कॅमेऱ्यात बघतो. ती बाई रोज हिला रागावते. आवाज नाही येत त्यात, पण हातवारे दिसतात. मला मीटिंगमध्ये बसून तेच डोळ्यांपुढे येतं."

"आवाज नाही येत?" जीजींनी विचारलं.

"नाही ना, आई. साधा कॅमेरा आहे तो, नुसतं दिसतं."

"मग मी त्याच्याखाली उभी असते तेव्हा काय दिसतं तुला?"

"ओठ हलताना दिसतात. मला वाटतं तू जप करतेस."

जीजींनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. गिलकी, दोडका, बाबांची आठवण, पोहेवाल्याचे वार, दुपारचे कावळे, हे सगळं त्या तांबड्या ठिपक्यापाशी येऊन थांबलं होतं, पुण्याला कधी गेलंच नव्हतं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हो. जपच असतो तो."

मिलिंदनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. डॉक्टरांनी सांगितलंय, साधी साधी कामं करायला देऊन बघा, म्हणाला. पेपरावर त्यानं कांद्याचं साल ठेवलं, चहाचा चोथा ठेवला, दुधाची पिशवी आणि घड्याळातला संपलेला सेल ठेवला. दोन्ही बादल्या आणल्या. "आई, रागावू नकोस. हे फक्त जिथल्या तिथे टाक."

मी तोंड उघडलं. जीजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अवी, चहा गार होतोय तुझा." मी चहा प्यायलो.

त्यांनी कांद्याचं साल निळ्यात टाकलं. दुधाची पिशवी हिरव्यात. चोथा निळ्यात टाकताना त्यांचा हात जरा अडला. शिस्तीच्या बाईला ते जडच जाणार. सेल बोटांत फिरवला आणि हिरव्यात सोडला. हात झटकले. मग मुलाकडे पाहून, रोज सकाळी मला विचारत त्याच सुरात विचारलं, "बोल, तुला काय वाटतं?"

मिलिंद पाणी प्यायला आत गेला.

जीजींना घेऊन बुधवारी पुण्याला निघायचं ठरलं. त्या सकाळी गाडी आली तेव्हा दारात टॅक्सी उभी होती आणि मिलिंद बॅगा ठेवत होता. जीजींनी सुमनबाईंच्या हातात बादल्या दिल्या. सुमनबाईंनी निळीत पाहिलं. कागद बाजूला केला. पिशवी उचलून खाली पाहिलं. मग हिरवी बादली तिरकी करून पाहिली. कुठेच काही नव्हतं.

"आज बराबर आहे, आजी," त्या म्हणाल्या.

"आहे ना," जीजी म्हणाल्या.

दोघी उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवला नाही. शेवटी सुमनबाईंनी बादल्या ओतल्या आणि रिकाम्या करून परत दिल्या. मिलिंद माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, मधेच असं एखाद्या दिवशी येतं तिच्या लक्षात." मी मान डोलावली. त्याहून अवघड अभिनय मी गणेशोत्सवातसुद्धा केलेला नाही.

पुण्याहून जीजींचे फोन येत. उंच इमारत, पार वरचा मजला, हवा छान. घरात सून, नात, मिलिंद, स्वयंपाकाला बाई. "भरलं घर आहे रे, सगळे कामात असतात," म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "इथे कचरा दाराबाहेर ठेवून द्यायचा असतो. थोड्या वेळानं दार उघडलं की गेलेला असतो. कोण नेतं ते दिसतच नाही. मी दाराच्या भोकाला डोळा लावून बसले एक दिवस, तर तेवढ्यात नेमकी डुलकी लागली. माणूस येत असेल की आपोआप जात असेल? बोल, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, कावळे नेत असतील, दुपारी तिकडेच येत असतील. जीजी हसल्या. खूप हसल्या. "नाही पटत," म्हणाल्या, "पण सांगितलंस बरं."

मग फोन कमी झाले. मागच्या थंडीत मिलिंदचा आला. झोपेतच गेल्या, त्रास काही झाला नाही, म्हणाला. मग त्यानं विचारलं, "अवीदादा, ती कॅमेऱ्यासमोर काय बोलायची रे? तू तर समोरच असायचास."

मी ओट्यावरच उभा होतो. त्यांच्या दारावरचा कॅमेरा तसाच होता, ठिपका मात्र विझलेला.

"जप करायची," मी म्हटलं.

जीजींच्या घरावर आता मजले चढतायत. मीना शाळेत शिकवते, म्हणून सुमनबाईंची ती 'मॅडम'; तिची खंडव्याला बदली झाली. ती एक रविवार सोडून येते. आमची मुलगी नोकरीला बंगलोरला. मी घरी एकटा असतो आणि एका माणसाचे पोहे होत नाहीत हे मला स्वानुभवानं मान्य करावं लागलेलं आहे. सकाळी गाडी येते, मी बादल्या देतो, सुमनबाई घेतात, ओततात आणि पुढे जातात. शिस्तीत. माझी चूक कधीच नसते. मीनानं चांगलं वळण लावून ठेवलंय.

परवा सकाळी कुकरची तिसरी शिटी झाली आणि मी लक्ष देऊन ऐकली. खरंच लांब असते. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी फाटकापर्यंत गेलो. समोरच्या हॉस्टेलमधून एक मुलगा निघाला, कानांत बोंडं होती. तेवढ्यात लांबून गाडीचं गाणं ऐकू आलं. मी आत आलो, बादल्या उचलल्या आणि मग जे केलं ते माझ्या हातानं केलं, मला काही विचारलं नाही. हिरव्या बादलीतलं कांद्याचं एक साल उचललं आणि निळ्या बादलीत कागदावर, नीट दिसेल असं ठेवलं.

गाडी थांबली. हॉस्टेलचा मॅनेजर बादली घेऊन उभा होता, चार-पाच मुलं उभी होती. सुमनबाईंनी माझी निळी बादली घेतली, आत पाहिलं आणि त्यांचा हात कपाळाकडे निघाला. पण तो अर्ध्यातच थांबला. त्यांनी साल दोन बोटांत धरून वर उचललं, त्याच्याकडे पाहिलं, जीजींच्या घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भिया, मॅडम कधी येणार हो परत?"